गाडी धुऊन ठेवा

आमच्या दारात सध्या एक मोठी, चौकोनी तोंडाची गाडी ताडपत्रीखाली उभी आहे आणि त्या गाडीवर बीड जिल्ह्याची धूळ आहे. येणारा-जाणारा ताडपत्रीचं टोक उचलून बघतो आणि विचारतो, "काय चौगुले, पंचगंगा आटली काय?" एवढी हौसेची गाडी आणायची आणि सहा महिने तिला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, हे गावात कुणालाच पटत नाही. बायकोलाही पटत नाही. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगायला गेलं की गोष्ट अर्ध्यावरच राहते आणि समोरचा विषय बदलतो. म्हणून एकदाचं लिहून काढतो.

मुळात आमच्या कोल्हापूरकडून बीडला कुणी जात नाही. बीडची माणसं आमच्याकडे येतात. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, ओढ्याकाठी पाचटाच्या खोप्या पडतात आणि उन्हाळा लागायच्या सुमाराला त्या खोप्या मोडून माणसं परत जातात. आमच्या फडात कितीतरी वर्षं ज्ञानोबा मुकादमाची टोळी येते. ज्ञानोबा मला घरच्यासारखा. पण तो जिथून येतो ते गाव कसं आहे, हे मी त्याला कधी नीट विचारलं नव्हतं. गावाचं नाव सांगितलं की मी "हां हां" म्हणायचो.

आता गाडीचं. अठरा वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, अवकाळी पाऊस झाला आणि आमच्या पाणंदीत उसानं भरलेली ट्रॉली चाकाच्या तुंब्यापर्यंत रुतली. दोन ट्रॅक्टर लावले, तेही रुतले. त्याच दिवशी बीडकडच्या एका सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन आपल्या भागातल्या टोळ्यांची विचारपूस करायला आमच्याकडे आले होते. त्यांची ही गाडी. परदेशी बनावटीची होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच फुकट जाहिरात कशाला. पांढऱ्या टोपीच्या ड्रायव्हरनं खाली उतरून चिखल बघितला, साखळी अडकवली, गिअरशेजारचा, चारी चाकांना जोर देणारा एक छोटा दांडा ओढला आणि गाडी अशी निवांत पुढे निघाली की ट्रॉली तिच्यामागं मुकाट्यानं चालत आली. इंजिनाचा आवाजसुद्धा वाढला नाही. मी सायकल धरून बांधावर उभा होतो, एकोणतीस वर्षांचा. त्या दिवसापासून मला दुसरी कुठली गाडी आवडलीच नाही. पुढे मी एक साधी गाडी घेतली, मुलीचं लग्न केलं, घर बांधलं. पण पाऊस पडून पाणंद चिखलानं भरली की मी गॅलरीत उभा राहून बघत बसायचो आणि सुमन, म्हणजे आमची बायको, आतून म्हणायची, "झालं, लागली तंद्री."

यंदा टोळी परत निघताना ज्ञानोबा सहज बोलला, "चेअरमन सायबाची गाडी इकायला काढलीया. कारखाना तर बंदच हाय, ऊसच न्हाई तर काय गाळनार. सायेब ल्योकाकडं ऱ्हातेत औरंगाबादला. गाडी डायवरच्या दारात उभी हाय, लिंबाजीच्या."

"कुठली गाडी?"

"आता कुटली म्हंजी? ज्या गाडीनं तुमची टराली वडली, तीच की."

त्या रात्री मला झोप आली नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही. सकाळी चेअरमनसाहेबांना फोन लावला. म्हातारा माणूस, बोलणं स्वच्छ. व्यवहार दोन फोनमध्ये ठरला, कागदपत्रंही झाली. शेवटी ते म्हणाले, "एक सांगतो. सह्या माझ्या असल्या तरी किल्ली लिंबाजीच्या घरात आहे. त्यांच्या हातून घ्या. ते देतील तेव्हा घ्या." मला वाटलं, रीत म्हणून बोलले असतील. मग लिंबाजीला फोन केला आणि आनंदाच्या भरात म्हणालो, "परवा पोचतो. गाडी तेवढी धुऊन ठेवा, रंग बघायचाय."

पलीकडून आधी "धुऊन?" एवढंच आलं. मग "बरं" असं ऐकू आलं.

मांजरसुंबा

बस सकाळी मांजरसुंब्याला सोडून पुढे गेली. मोठा चौक, चारी बाजूंना ढाबे, ट्रकांच्या रांगा. एका ढाब्यावर बसलो. आमच्याकडे गिऱ्हाईक टेकायच्या आत पाण्याचा जग आदळतात. मागितला नाही तरी. इथं मालकानं आधी विचारलं, "पानी देऊ का?" हो म्हटल्यावर अर्धा पेला दिला. मला वाटलं, माणूस चिकट दिसतोय.

नाश्त्याला 'सुशीला' आहे म्हणाला. मी जरा दचकलोच, पण समोर आली ती भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी, वर दाण्याचं कूट आणि कोथिंबीर. आमच्याकडे चुरमुऱ्यांचा भडंग करतात, तो कोरडा. हे प्रकरण मऊ, लुसलुशीत आणि गरम. दोन प्लेटा खाल्ल्या. मग सवयीप्रमाणे उठलो, पेल्यातलं उरलेलं पाणी तोंडात घेतलं, खळखळून चूळ भरली आणि रस्त्याच्या कडेला टाकायला वाकलो.

"ओ पाव्हनं! तितं नगं. त्या लिंबाला टाका."

गल्ल्याच्या बाजूला विटांचं आळं करून कमरेएवढं कडुलिंबाचं रोप लावलेलं होतं. तोंडात पाणी घेऊन मी तिथपर्यंत चालत गेलो आणि चूळ रोपाला टाकली. ट्रकवाले हसले नाहीत. ते बहुधा रोजच तसं करत असावेत.

"त्याला कोन घालनार पानी?" मालक म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या चुळीवरच वाढलंय दोन साल."

ढाब्याच्या नळाच्या तोंडाला चिंधी बांधली होती. तिच्यावर जुनी धूळ बसलेली होती. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी तर गाडीच्या विचारात होतो.

सिरसाळा

मांजरसुंब्याहून बीड गाठलं आणि तिथून सिरसाळ्याला काळीपिवळी जीपनं गेलो. बाहेरचं सगळं एका रंगाचं होतं, फिकट तपकिरी. नांगरून ठेवलेली काळी रानं उन्हानं राखेसारखी झालेली. एका तलावाच्या पोटात बायका खड्डे करून बसलेल्या दिसल्या; खड्ड्याच्या तळाशी झिरपणारं पाणी त्या वाटीनं घागरीत भरत होत्या. पुढे रस्त्यालगत एक साखर कारखाना लागला. फाटकाला कुलूप, धुराडं गप्प, आणि उसाच्या गाड्या जिथं तोलायच्या त्या वजनकाट्यावर एक शेळी बांधलेली. शेजारचा माणूस म्हणाला, "ह्यो आपलाच. म्या बी सभासद हाय." आमच्याकडे कारखान्याबद्दल बोलताना लोक एक शिवी आणि एक अभिमान अशा हिशेबानं बोलतात. ह्या माणसाच्या आवाजात दोन्ही नव्हतं. तो फाटक मागे पडेपर्यंत बघत राहिला.

सिरसाळ्याच्या स्टँडवर लिंबाजी मोटारसायकल घेऊन उभा होता. साठीचा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तीच टोपी. मी त्याला लगेच ओळखलं. त्यानं मला ओळखायचं काही कारण नव्हतं. वस्ती तिथून चार-पाच किलोमीटर. प्रत्येक घरासमोर निळी पिंपं, त्यांवर ऑइलपेंटनं नावं, आणि झाकणांना कुलपं. कुलूप तिजोरीला लावतात, पिंपाला लावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आणि पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती.

काय सांगू. माणसं, झाडं, गुरं, घरं सगळी मातीच्या रंगाची आणि मधोमध ही काळीभोर, लखलखीत. चाकाच्या वाट्यासुद्धा चमकत होत्या. पत्र्याच्या फटीतून ऊन पडलं होतं, तेवढ्या पट्ट्यात मला माझा चेहरा दिसला आणि मी खरोखर हसत होतो. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. दार उघडून कातडी सीटवर हात फिरवला. तो छोटा दांडा बघितला. मग, गाडी घेणाऱ्यानं काहीतरी खोट काढायचीच असते म्हणून, मागच्या दारावरच्या एका लांब ओरखड्यावर बोट ठेवलं.

"हे काय लागलंय?"

"त्यो वरखडा तुमच्याच पानंदीतला हाय," मागून आवाज आला. "टरालीची साखळी घासली व्हती. त्या दिशी गाडी घरी आली तवा म्याच पाहिला. दोन दिस जेवले न्हाईत हे."

ह्या लिंबाजीच्या मंडळी, भामाबाई. पंचावन्नच्या आसपास, सडपातळ, कपाळावर मोठं कुंकू. कमरेला कापडी चंची खोचलेली, आणि गाडीची किल्ली त्या चंचीत. सगळे तिला भामा म्हणत. मी वहिनी म्हणालो.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. पाण्यात कालवून उकळलं की आमटी होते. आमच्या तांबड्या रश्श्याची जात वेगळी, पण ही आमटी भाकरीत मुरते कशी ते खाल्ल्याशिवाय कळणार नाही. मी वरपून खाल्लं आणि हात धुवायला उठलो. लिंबाजीनं ओलं फडकं पुढे केलं. पुसले हात.

थोड्या वेळानं शेजारच्या घरातून बायकांचा आवाज आला. कूड पातळ होता.

"काल गाडीला घातलंस की ग घागरीनं, आन् आज मागाया आलीस व्हय? टँकरला आजून पाच दिस हायेत भामे."

"दे ग अर्दी कळशी. पाव्हना हाय घरात."

"ज्यानं धुवाया सांगितली त्योच का पाव्हना?"

हात पुसलेलं ओलं फडकं अजून माझ्याच हातात होतं. लिंबाजी जमिनीकडे बघत बसला होता.

"भाऊ, किती पाणी लागलं काल?"

"तीन घागरी."

"अहो, मग फोनवर सांगायचं नाही का मला?"

"कसं सांगनार? सायबाची गाडी धुळीत माखल्याली दाखवायची व्हय गिऱ्हाइकाला? मंग अठरा साल आमी केलं काय?" मग जरा थांबून तो म्हणाला, "पुसून ठिवा म्हनला असता तर लागलं नसतं. ही एका तांब्यात पुसती अख्खी गाडी. आदी कोरडं फडकं, मंग वलं, मंग पुन्हा कोरडं. पिळल्यालं पानी लिंबाला. मंत्री आले दुष्काळ पाहाया, तवाबी एकाच तांब्यात चमकवली व्हती. पर तुमी धुऊन म्हनलात. मंग तिनं धुतली."

रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो नुसती हकिगत सांगत होता. आमच्या घरी मी आंघोळीआधी पाण्याच्या मोटारीचा लोट दोन मिनिटं नुसता गटारीत सोडतो, पाईप थंड व्हावा म्हणून. हे त्या वेळी आठवलं आणि मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी मी भामाबाईंना म्हणालो, "वहिनी, चुकलं माझं."

"आसूंद्या. तुमच्याकडं रीत तशी हाय." भाकरी थापत त्या म्हणाल्या. "म्या पाच हंगाम केलेत तुमच्याकडं. हे डायवर व्हयाच्या आदी. ज्ञानोबाच्या बापाच्या टोळीत व्हतो आमी, एक कोयता."

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. म्हणजे ह्या बाईनं आमच्याच रानात पाच वर्षं ऊस तोडला होता, मोळ्या डोक्यावर वाहून ट्रॉलीत चढवल्या होत्या. मी आठवायचा खूप प्रयत्न केला. फडातल्या बायकांचे चेहरे मला आठवत नव्हते, हे कबूल करतो. बैल आठवत होते.

"किल्ली उद्या घेतो मग," मी म्हणालो.

"उद्या आदी धर्मापुरीला जायाचं. आनली तवा देवाला दावली, जाताना बी दावायची. किल्लीचं मंग बगू."

'बगू' म्हणाल्या. चेअरमनसाहेब रीत म्हणून बोलले नव्हते, हे आता मला कळलं. कागद माझ्या खिशात होते, पण ह्या बाईनं मान हलवली असती तर मी ती गाडी नेऊ शकलो नसतो. अठरा वर्षं ज्या गाडीसाठी झुरलो ती चार हातांवर उभी आणि मधे एक कापडी चंची.

धर्मापुरी

सकाळी लिंबाजीनं गाडी काढली. मी घरातल्या रिकाम्या घागरी गोळा केल्या. भामाबाईंची बहीण धर्मापुरीला दिलेली आहे आणि तिच्या बोअरला अजून पाणी आहे, असं रात्री बोलण्यात आलं होतं. तीन घागरी फेडायच्या तर ह्याहून सरळ वाट कुठली, असा माझा हिशेब. मागचं दार उघडून मी घागरी सीटवर ठेवायला लागलो आणि भामाबाई धावत आल्या.

"आरं देवा! त्या शिटावर घागर? कातडं हाय ते! वलं झालं की चिरतंय!"

"वहिनी, गाडी आता माझी आहे ना?"

"किल्ली दिली का म्या?"

वाद बराच चालला. मी माझ्या गाडीत पाणी नेण्यासाठी भांडत होतो आणि त्या माझी गाडी माझ्यापासून वाचवत होत्या. शेवटी तोडगा निघाला: घागरी खाली, पायांशी, पोत्यावर, आणि त्या सांडू नयेत म्हणून भामाबाई स्वतः मागे बसणार. त्या पाय उचलून आत चढल्या, पदर सावरून सीटच्या अगदी कडेला टेकल्या. लिंबाजी आरशातून मागे बघत राहिला. गाडी सुरू करायचीच विसरला.

"काय झालं भाऊ?"

"कायी न्हाई. अठरा सालात पयल्यांदा बसली."

"बोलवलंत का कधी?" भामाबाई मागून म्हणाल्या. लिंबाजीनं किल्ली फिरवली.

परळी मागे टाकून धर्मापुरीला पोचलो, तशी किल्ली लिंबाजीच्या हातून परत चंचीत गेली. दगडी देऊळ जुनं आहे, भिंतीवरच्या मूर्तींची नाकं झिजलेली, पण आत पाऊल टाकलं की उन्हानं भाजलेलं अंग निवतं. गुरवानं गाडीच्या बॉनेटवर कुंकू लावलं. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा मी पुढे झालो, कारण आमच्याकडे तो चाकावर आपटायचा असतो. भामाबाईंनी माझा हात धरला. त्यांनी नारळ दगडावर अलगद फोडला, पाणी वाटीत धरलं, चार थेंब चाकाला लावले आणि उरलेलं तिथं बसलेल्या एका म्हातारीला दिलं.

बहिणीच्या बोअरला वीज तासभरच असते. घागरी भरून झाल्यावर भामाबाईंनी दोन घागरींना फडकी बांधली आणि तिसरी तशीच, काठोकाठ भरलेली, उघडी ठेवली. मग चंचीतून किल्ली काढून माझ्यासमोर धरली.

"घ्या. चालवा."

"मी?"

"नुस्ती गाडी चालवायला समद्यांनाच येती. भरली घागर घिऊन चालवा, मंग कळंल कुनाच्या हातात चाललीया."

लिंबाजी आधीच शेजारच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत हसत होता. बायकोच्या अशा परीक्षा त्याला नव्या नसाव्यात.

आयुष्यात ज्या क्षणाची एवढी वाट बघितली तो असा आला: मांडीला घाम, मागे उघडी घागर, पुढे खड्ड्यांचा रस्ता. मी तो छोटा दांडा ओढला. गाडी मुंगीच्या पावलानं निघाली. खड्डा आला की आधी एक चाक उतरवायचं, मग दुसरं. मोटारसायकली मला ओलांडून जाऊ लागल्या. एका सायकलवाल्यानंही ओलांडलं आणि वळून बघितलं. आरशात मला भामाबाईंनी मांडीवर घेतलेल्या घागरीचं तोंड दिसत होतं आणि त्यावर ठेवलेला त्यांचा हात. सिरसाळा ओलांडला. वस्तीचा कच्चा रस्ता लागला. धुळीचे लोट आत येत होते, काळा रंग कधीच दिसेनासा झाला होता. वस्तीची झाडं दिसायला लागली आणि मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात बांधाआडून मेंढ्यांचा कळप धावत रस्त्यावर आला. ब्रेक दाबण्यावाचून इलाज नव्हता. मागं 'चुबुक' असा मोठा आवाज झाला आणि लिंबाजीनं डोळे मिटले.

मी वळून बघितलं. अर्धी घागर सांडली होती. भामाबाईंचं लुगडं मांडीपासून पायापर्यंत भिजलं होतं, कातडी सीटवर पाण्याचं थारोळं. गाडी गेली हातची, हेच मनात आलं, आणि त्याहून जास्त, पुन्हा आपल्याच हातून ह्यांचं पाणी सांडलं, हे आलं.

भामाबाईंनी सीटवरच्या थारोळ्यात ओंजळ घातली, ती तोंडावर मारली आणि डोळे मिटून बसल्या. पाणी हनुवटीवरून खाली टपकत होतं.

"तुमच्या वड्याच्या वरल्या अंगाला मोटार हाय," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "जांभळीच्या झाडाखाली. हाय का आजून?"

"आहे."

"रातची ऊस तोडून आलं की समद्या बाया त्या पाइपाखाली बसायच्या. अंगाला पाचट चरचर टोचल्यालं आसायचं. कोयता वाईटच, भाऊ. माज्या दुश्मनाला बी नगं. पर ते पानी. डोळं मिटून बसायचं, कितीबी येळ. कुनी म्हनायचं न्हाई की बास कर, पुरव." त्यांनी पुन्हा ओंजळ भरली, पण ह्या वेळी ती घागरीत सोडली. "सपनात येतं मला ते पानी. गाव न्हाई येत, ऊस न्हाई येत. पाइप येतो."

मेंढ्या निघून गेल्या तरी मी गाडी हलवली नाही. लिंबाजी पुढे बघत बसला होता. त्याला हे ठाऊक होतं की तोही पहिल्यांदा ऐकत होता, मला सांगता येणार नाही.

परत

निघताना भामाबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर कुंकू, बाकी सगळीकडे धुळीचा जाड थर. त्यांनी फडकं काढलं, मग परत खोचलं. मी म्हणालो, "वहिनी, पाणी सांडलं माझ्याकडनं. किल्ली मागायचं तोंड नाही मला."

"सांडलं मेंढरांमुळं. तुमी गाडी नीट हानली. ह्यांनी बी येवढी हळू हानली नसती." किल्ली माझ्या हातात ठेवून त्यांनी माझी बोटं तिच्याभोवती मिटवली. "पर एक करा. ती धुऊ नका."

मला वाटलं, पाणी वाया घालवू नका असं म्हणतायत. "वहिनी, आमच्याकडे नदी आहे. तुम्ही बघितलीय."

"म्हाईत हाय. म्हनूनच म्हनते." त्यांनी गाडीच्या दारावर हात ठेवला, त्याच ओरखड्यावर. "अठरा साल तांब्याभर पान्यात पुसली हिला. पोटची असती तर येवढी कोरडी ठिवली नसती. ज्ञानोबाची टोळी निघाली की म्या येते संगं. कोयता घ्याया न्हाई. हिला त्या पाइपाखाली न्हाऊ घालाया. तवर धुऊ नका."

"नाही धुणार," मी म्हणालो.

पुढचा प्रवास सांगण्यासारखा नाही. मांजरसुंब्याला त्याच ढाब्यावर थांबलो आणि चूळ न सांगता लिंबाला टाकली. आपल्या हातात ती गाडी आहे हे मधेच आठवायचं आणि मी उगाच हॉर्न वाजवायचो. सोलापूरच्या पुढे उसाचं पहिलं हिरवं रान दिसलं तेव्हा मात्र मला ते बघवेना.

घरी पोचलो तर सुमन आरतीचं ताट घेऊन उभी आणि तिच्या मागे पुतण्या पाईप घेऊन. मी ओरडून पाईप बंद करायला लावला. सगळं सांगितलं. सुमन ऐकून घेऊन आत गेली आणि ताडपत्री घेऊन आली, कारण जूनला फक्त महिना उरला होता आणि ती माझ्यापेक्षा व्यवहारी आहे.

मग पाऊस आला. पाणंद नेहमीसारखी चिखलानं भरली. ट्रॅक्टर रुतले, माणसं मला हाका मारत आली, "चौगुले, काढा की तो रणगाडा!" अठरा वर्षं मी ज्यासाठी गाडी मागत होतो तो चिखल दारात आला होता आणि मी गॅलरीत उभा राहून ताडपत्रीच्या दोऱ्या ताणल्या आहेत का ते बघत होतो. मोह झाला नाही असं नाही. एका दुपारी तर किल्ली हातात घेऊन आत जाऊन बसलो. मागच्या सीटवर सांडलेल्या पाण्याचा पांढरट डाग आहे, क्षाराचा. तो बघितला आणि उतरलो.

आता दसरा झाला. जांभळीखालच्या मोटारीला मी नवा पाईप बसवलाय, चार इंची. कुणी त्याखाली बसणार असेल तर पाठीला लागू नये म्हणून तोंडाशी गुळगुळीत दगड लावून घेतलाय. काल लिंबाजीचा फोन आला. तिकडे थोडा पाऊस झाला म्हणाला, पिंपांची कुलपं निघाली. टोळी दिवाळीनंतर निघतेय.

"वहिनी येणार ना?"

तो काही बोलायच्या आत फोन हिसकावल्याचा आवाज झाला. "भाऊ, धूळ हाय ना आजून?"

"आहे."

"बगून सांगा."

मी चप्पल न घालता बाहेर गेलो, ताडपत्री उचलली आणि बॉनेटवरून बोट फिरवलं. बोट उजेडात धरून बघितलं.

"आहे वहिनी," मी म्हणालो, "आहे तशी आहे."